दुसरी उभारणी

निशिकांत खांबेट्यांनी टॅब्लेटवरचं पान दोन बोटांनी ताणून मोठं केलं. मग चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पान आणखी मोठं केलं. अक्षरं होती तिथेच होती. '४८१ रायफल डिव्हिजन, युद्ध-रोजनिशी' या टंकलिखित रशियन ओळीखाली कोणीतरी जांभळ्या पेन्सिलीने, कंसात, दोन शब्द लिहून ठेवले होते. दुसरी उभारणी.

"बाबा, गुरुजी व्हिडिओवर यायला पंधराच मिनिटं आहेत," अनघा स्वयंपाकघरातून ओरडली. वड्यांचा घाणा कढईत होता, त्यामुळे तिला बाहेर येता येत नव्हतं. "शर्ट तरी बदला."

"हो," निशिकांत म्हणाले आणि बसून राहिले.

तीन महिने ते ही रोजनिशी वाचत होते, पण पहिल्या पानापासून नाही, तिसऱ्यापासून. वरची दोन पानं म्हणजे पुठ्ठा आणि शिक्के, असं समजून त्यांनी ती पहिल्याच दिवशी ओलांडली होती. आज ती उघडायचं कारण एवढंच, की उताऱ्याखाली फाईलचा क्रमांक लिहायचा होता. उतारा स्मारकाच्या दगडासाठी हवा होता. कझाकस्तानातल्या एका खेड्यात एक पाथरवट उद्या सकाळी छिन्नी हातात घेणार होता, आणि कोरायचा मजकूर त्याला आज रात्रीपर्यंत पोचायचा होता.

सोव्हिएत सैन्यात एखादी डिव्हिजन पार कापली गेली की तिचा क्रमांक काही काळ कागदात पडून राहायचा. मग दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या आयांची पोरं गोळा करून त्यांना तोच क्रमांक दिला जायचा. निशिकांतांना हे ठाऊक होतं. आणि तरीही पेन्सिलीच्या त्या दोन शब्दांखाली लिहिलेलं 'उरल, ऑगस्ट १९४२' हे त्यांनी आज, तीन महिन्यांनी वाचलं. ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्या कासिमचं शेवटचं पोस्टकार्ड एप्रिल १९४२चं होतं. तो पहिल्या उभारणीतला होता. तीन महिने त्यांनी कासिमच्या मुलीला भलत्याच माणसांची रोजनिशी वाचून दाखवली होती.

त्यांची कानशिलं तापली. ती भीती नव्हती, निव्वळ शरम होती. चौतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात रशियन तांत्रिक पुस्तकांची भाषांतरं केलेला माणूस हा. विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे: आधी मुखपृष्ठावरची आवृत्ती बघा, मग पान उलटा. पंपाचा क्रमांक तोच असतो, पण आवृत्ती बदलली की आतल्या झडपेचा दाब बदलतो, आणि वर आकाशात माणूस बसलेला असतो. खरं सांगायचं तर ही शिस्त त्यांची नव्हतीच, विभाची होती. विभा त्याच विभागात टंकलेखिका होती. हे कागद पुढे सरकवायचे आणि ती यंत्रावरून मान वर न करता विचारायची, "कव्हर बघितलंत?" लग्नानंतरही विचारायची. आता विचारणारं कोणी नव्हतं, आणि आज तिचंच श्राद्ध होतं.

नवमी खरी उद्या, सोमवारी होती. पण सोमवारी अनघाला ऑफिस, जावई क्षितिज कामासाठी जकार्ताला, म्हणून तिथी एक दिवस अलीकडे आली होती. "तिथीलासुद्धा वर्क फ्रॉम होम," असं निशिकांत काल म्हणाले होते आणि अनघाने त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले होते. आज त्यांना कसलाच विनोद सुचला नाही. ते शर्ट बदलून पाटावर बसले. समोर तांब्याचं ताम्हन, काळे तीळ आणि पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला फोन. फोनमध्ये पुण्याचे गुरुजी.

नात ऋता शेजारी मांडी घालून बसली होती, म्हणून गुरुजी मधूनमधून मराठीत अर्थ सांगत होते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ही नवमी. शस्त्राने मेलेल्यांची चतुर्दशी. ज्यांचा दिवसच माहीत नाही, त्यांची अमावास्या. "आणि आता हे शेवटचं पाणी," गुरुजी म्हणाले, "ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, ज्यांचं नाव घ्यायला मागे कोणीच उरलं नाही, त्यांच्यासाठी. सोडा."

निशिकांतांनी अंगठ्यावरून पाणी सोडलं. दरवर्षी ते हे वाक्य गाडी स्टेशन सोडून पुढे जावी तसं जाऊ द्यायचे. आज ते तिथे अडकले आणि गुरुजींना "झालं का?" असं दोनदा विचारावं लागलं.

केळीच्या पानावरचा कावळ्याचा घास अनघाने स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या आतच ठेवला. बाहेर ठेवायची सोय नव्हती. इथे, लेकीच्या या परक्या देशात, पाखरांना खायला घालणं गुन्हा आहे. काचेपलीकडे एक साळुंकी येऊन बसली, पानाकडे बघून मान वाकडी केली आणि उडून गेली.

*

रौशन कासिमोव्ना त्यांना पहिल्यांदा भेटली ती लिफ्टपाशी. खरं म्हणजे, भेटली नव्हतीच, ऐकू आली होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक म्हातारी लिफ्टच्या बटणांना रशियन भाषेत झापत होती, "निर्लज्जांनो, कुठे दडून बसलात?"

निशिकांतांनी चौदा वर्षांत रशियनचा एक शब्द उच्चारला नव्हता. त्यांच्या तोंडून आपसूक गेलं, "कितवा मजला? अकरावा का?"

म्हातारीने मान एका बाजूला वळवून तिरक्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. फारच शिष्ट बाई, असं त्यांना वाटलं. नंतर कळलं की तिच्या नजरेचा मधला भागच गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. वाचणं तर सुटलंच होतं. ती कझाख होती, चौऱ्याऐंशी वर्षांची. मुलगा आल्मास इथल्या विद्यापीठात शिकवत होता आणि त्याने आईला आणून अकराव्या मजल्यावर ठेवलं होतं, जसं अनघाने बापाला आणून आठव्यावर.

"तुमच्या वडिलांचं नाव काय?" तिने लिफ्टमध्येच विचारलं होतं.

"गजानन."

"मग तुम्ही निशिकांत गजाननोविच," तिने ठरवून टाकलं. वडिलांचं नाव जोडल्याशिवाय मोठ्या माणसाला हाक मारायची तिच्याकडे पद्धत नव्हती. निशिकांतांना ते फार आवडलं. त्यांच्या वडिलांचं नाव इतक्या दिवसांत पासपोर्ट सोडून कोणी घेतलं नव्हतं.

सेंगकांग या उपनगरातल्या त्या इमारतीखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत, सिमेंटची गोल टेबलं आहेत. या जागेला इथे व्हॉइड डेक म्हणतात. दुपारी शाळेतली मुलं तिथे सायकली फिरवतात आणि संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात. पाच वाजता रौशन थर्मासमधून दूध घातलेला चहा आणायची. तिच्याकडेही चहा दुधाशिवाय होत नाही, हे कळल्यावर दोघांची मैत्री पक्की झाली. पाच ते साडेसहा निशिकांत तिला वाचून दाखवायचे. आधी वर्तमानपत्रं, मग एके दिवशी तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड काढलं.

"मला पाठ आहे," ती म्हणाली, "पण दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकायचंय."

कार्डावर शाईच्या पेन्सिलीने चार ओळी होत्या. *घोडे बरे आहेत. इथे सारखा पाऊस. मला गाडी दिली आहे, बंदूक नाही. मुलीला दात आले का?* खाली कासिम ओस्पानोव, ४८१ रायफल डिव्हिजन. मुलगी म्हणजे रौशन. बाप रणांगणावर गेला तेव्हा ती चार महिन्यांची होती.

त्यानंतर काही आलं नाही. युद्ध संपल्यावर एक छापील कागद आला आणि त्यावर 'बेपत्ता' असा शब्द होता. मेला असता तर मेल्याचा कागद आला असता, असं गाव म्हणायचं. बेपत्ता म्हणजे शरण गेला असेल, किंवा पळाला असेल. रौशनच्या आईने हे चाळीस वर्षं विहिरीवर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत ऐकलं. ती विधवा म्हणून बसली नाही आणि तिने दुसरं लग्नही केलं नाही.

निशिकांतांनी सैन्याचे जुने कागद इंटरनेटवर शोधले. ४८१चा क्रमांक टाकताच रोजनिशीची सातशे पानं समोर आली. रौशन टेबलावर पुढे झुकली, आणि तिचा तो झुकलेला चेहरा बघून, कोणाला तरी आपली भाषा पुन्हा हवी आहे या आनंदात, त्यांनी थेट वाचायला सुरुवात केली. चूक तिथे झाली.

डिव्हिजन पश्चिमेकडे चालत राहिली. बर्फ, चिखल, नद्या, गावांची नावं. रौशन प्रत्येक गावाला मान हलवायची, आपला माणूस कुठल्या स्टेशनावरून गेला हे ऐकावं तशी. आणि तीन आठवड्यांपूर्वी ते पान आलं. डिसेंबर १९४४. *डॅन्यूबवरचा पूल उडवला. दारूगोळ्याच्या गाड्या अलीकडे अडकल्या. एक गाडीवान, कझाख, घोडे सोडून माणसांनी मागे यावे असा हुकूम असताना गाडी घोड्यांसह पाण्यात घालून पलीकडे आला. पेट्या उतरवल्या. दुसऱ्या खेपेसाठी परत गेला.*

पान तिथे संपत होतं. निशिकांत उलटणार, तेवढ्यात रौशनने टॅब्लेटवर हात ठेवला होता.

"बस. पुढे नको."

ती रडली नाही. तिने थर्मासचं झाकण लावलं, दोनदा लावलं. "घोडे सोडले नाहीत त्याने," ती म्हणाली. "आई म्हणायचीच. माणसं सोडेल, घोडे सोडणार नाही." त्या दिवसापासून वाचन बंद झालं. ते नुसता चहा प्यायचे आणि ती कासिमबद्दल बोलायची. आल्मासने गावी दगडाची व्यवस्था केली. आईच्या कबरीशेजारी बापाचा दगड, नाव, नदी, महिना, साल. गुरुवारी ती विमानात बसणार होती.

*

"आणि हे तुम्ही तिला सांगणार?" अनघाने विचारलं. जेवणं झाली होती. ती उरलेली खीर डब्यात भरत होती आणि निशिकांतांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं.

"सांगायला हवं."

"कशासाठी? चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला आयुष्यात एकदा बाप सापडलाय. कोण बघायला जाणारेय ते कव्हर? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाबा."

"दगडावर जाणार आहे ते, अनघा. कायमचं."

"मग जाऊ दे की. कोणाचं काय नुकसान आहे?" तिने डब्याचं झाकण दाबलं. मग आवाज खाली आणला. "तुमचं होईल. ती परत बोलेल का तुमच्याशी? पाच वाजले की तुम्ही कसे घड्याळाकडे बघता, ते मला दिसतं. आई गेल्यापासून मी तुम्हाला असं कोणाची वाट बघताना पाहिलं नव्हतं."

हे खरं होतं. त्यांनाही रौशन गमवायची नव्हती. बारा ते चार त्यांनी दुसरं काम केलं होतं. पहिल्या उभारणीचे कागद शोधले होते. सातशे पानांच्या जागी तीन पानं सापडली.

"तुझी आई असती तर काय म्हणाली असती?" त्यांनी विचारलं.

अनघाने बराच वेळ ओटा पुसला. "आई म्हणाली असती, कव्हर आधी का नाही बघितलंत."

"तेच."

"घ्या मग," ती म्हणाली आणि खिरीचा डबा आणि चार वडे त्यांच्या हातात दिले. "रिकाम्या हाताने नका जाऊ."

दारात ऋता सायकल घेऊन वर आली होती. इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, युअर रशियन आजी ऑलरेडी डाउनस्टेअर्स लाह. वेटिंग सो लाँग."

"रशियन नाही, कझाख," निशिकांत म्हणाले. निदान एवढं तरी बरोबर सांगता येत होतं.

*

रौशनने चहा ओतून ठेवला होता. कपाच्या कडेला बोट लावून ती तो अंदाजाने भरायची आणि कधी सांडायची नाही.

"कागद आणलात?" तिने विचारलं. "आल्मास सहापर्यंत येतो. तो लगेच पाठवेल."

निशिकांतांनी डबा टेबलावर ठेवला. येताना लिफ्टमध्ये त्यांनी सुरुवातीची तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"रौशन कासिमोव्ना, माझी चूक झाली आहे," ते म्हणाले. "मी वाचत होतो ती डिव्हिजन तुमच्या वडिलांची नव्हती. क्रमांक तोच होता. वडिलांची डिव्हिजन जून बेचाळीसमध्ये संपली. त्यानंतर तो क्रमांक दुसऱ्या माणसांना दिला. हे पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. मी ते पान बघितलं नव्हतं."

वरून एलआरटी या छोट्या शहरी रेल्वेचा डबा पुलावरून गेला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"आज सकाळी दहा वाजता."

"आणि दहापासून काय करत होता?"

"बायकोचं श्राद्ध. मग वडे खाल्ले. मग तुमच्या वडिलांचे कागद शोधले."

"तीन महिने," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही मला परक्यांची गोष्ट सांगितलीत. मी आल्मासला वर्गातून बाहेर बोलावून सांगितलं की सापडला. त्याने दगडवाल्याला सांगितलं. दगडवाल्याने एव्हाना गावाला सांगितलं असेल. ज्यांच्या आज्या माझ्या आईला बोलायच्या, त्यांना सांगितलं असेल."

"हो."

ती उठली. टेबलाची कड धरून, मग एकेक खांब हाताने मोजत, लिफ्टपर्यंत गेली. निशिकांत जागेवरून हलले नाहीत. आपल्याला हलायचा हक्क नाही असं त्यांना वाटलं. ती बटणांसमोर मान तिरकी करून उभी राहिली. लिफ्ट आली, एक चिनी कुटुंब खरेदीच्या पिशव्या घेऊन आत गेलं, त्यातल्या बाईने दार धरून ठेवलं आणि "आंटी, गोइंग अप?" असं विचारलं. रौशनने नाही म्हणून मान हलवली. लिफ्ट गेली. ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग आली तशी, खांब मोजत परत आली.

"किती पानं सापडली?" तिने बसत विचारलं.

"तीन."

"वाचा."

निशिकांतांनी वाचलं. जून १९४२चा अहवाल. वेढ्यातून एकशे तेरा माणसं घेऊन बाहेर पडलेल्या एका कॅप्टनने लिहिलेला. खारकोवच्या दक्षिणेला डिव्हिजन वेढ्यात सापडली. दारूगोळा संपला. कागदपत्रं हुकमाने जाळली. चोवीस मे रोजी गाडीवान आणि स्वयंपाकी यांना मेलेल्यांच्या रायफली देऊन फळीत उभं केलं. गाडीविभागातून कोणीही परत आलं नाही. शेवटी एकशे तेरा नावं होती. निशिकांतांनी ती सगळी वाचली. सात मिनिटं लागली. ओस्पानोव त्यात नव्हता.

"म्हणजे तो पळाला नाही," रौशन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "मला सांगा. पळाला नाही ना?"

निशिकांतांना हो म्हणायचं होतं. पण चौतीस वर्षं आपल्या पदरचा एक शब्द न घालता काढली होती, आणि एकदा नजरचूक झाल्यावर आता दुसरी जाणूनबुजून करायची नव्हती.

"तसं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "लिहिलंय एवढंच, की गाडीवानांना फळीत उभं केलं आणि त्यातलं कोणी परतलं नाही. तारीख चोवीस मे."

तिने ते ऐकलं. ओठ हलवून एकदा मनाशी म्हटलं, पोस्टकार्ड म्हणायची तसं.

"तेवीस वर्षांचा होता," ती म्हणाली. "मला वाटत होतं, पंचवीस तरी झाला असेल. एवढं चालला तर." मग ती जरा हसली, आणि ते हसू बघणं रडणं बघण्यापेक्षा अवघड होतं. "तिथून एक पाऊलसुद्धा पुढे पश्चिमेला गेला नाही तो. आणि मी त्याला डॅन्यूबपर्यंत नेऊन आणला."

"मी नेलं."

"दोघांनी नेलं." तिने डबा चाचपून उघडला. "हे काय आहे?"

"खीर. विभासाठी केली होती. आमच्याकडे या पंधरा दिवसांत गेलेल्यांना जेवू घालतात. नवऱ्याच्या आधी गेली तर एक दिवस. शस्त्राने मेला तर दुसरा. कधी गेला तेच ठाऊक नाही, त्याला तिसरा."

"माझी आई कुठल्या दिवसात बसते? नवरा आहे की नाही हेच जिला कोणी सांगितलं नाही, ती?"

निशिकांतांनी विचार केला. "तिच्यासाठी नाही दिवस," त्यांनी कबूल केलं.

"मग तुमच्या लोकांनी सगळा विचार केलेला नाही," रौशन म्हणाली आणि खिरीचा चमचा तोंडात घातला. थोड्या वेळाने म्हणाली, "गोड फार आहे. चांगली आहे."

पिशवीतून तिने कोरा कागद काढून त्यांच्यासमोर सरकवला. निशिकांतांनी पेन उघडलं. तिने सांगितलं तसं त्यांनी रशियनमध्ये लिहिलं: कासिम ओस्पानोव, १९१९ ते १९४२. ४८१ रायफल डिव्हिजन, पहिली उभारणी. गाडीवान. चोवीस मे रोजी फळीत होता. नदीचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं. 'फळीत होता' एवढंच, तिनेच तसं सांगितलं. त्याच्यापुढे एक शब्द तिने घातला नाही.

"खाली जागा सोडायला सांगा," ती म्हणाली. "चार बोटं."

"कशासाठी?"

दोन्ही हातांनी कप धरून ती बसली होती. समोर मुलं सायकलींनी खांबांना वळसे घालत होती आणि ती, कडेच्या नजरेने, त्यांची नुसती ये-जा बघत होती.

"तो नदीवरचा," ती म्हणाली. "घोडेवाला. त्याचं नाव लिहिलंय?"

"नाही. 'एक गाडीवान, कझाख', एवढंच."

"म्हणजे त्याच्या घरी पोचलं नसेल, तो घोड्यांसकट पाण्यात शिरला ते."

"बहुतेक नाही."

"त्यांनाही कागद आला असेल. छापील."

"आला असेल."

"दुसऱ्या खेपेला परत गेला होता तो," रौशन म्हणाली. "मी तिथेच थांबवलं तुम्हाला. माझा बाप होता तोवर मला पुढचं पान नको होतं. पण आता तो कोणाचाच नाही, निशिकांत गजाननोविच. दगडावरची चार बोटं त्याच्यासाठी. तीन आठवडे मी त्याला पाण्यात उभा करून ठेवलाय. पलीकडे पोचला की नाही, कोणीतरी विचारायला नको?"

निशिकांतांनी टॅब्लेट जवळ ओढला. चष्मा काढून पुसला. रोजनिशी तीन आठवड्यांपूर्वीच्या त्याच पानावर उघडली, पण ते तिथे थांबले नाहीत. शेकडो पानं मागे सरकवत ते अगदी वर, पुठ्ठ्यापर्यंत गेले.

"चारशे एक्क्याऐंशी रायफल डिव्हिजन," त्यांनी मोठ्याने, स्वच्छ वाचलं. "दुसरी उभारणी. उरल, ऑगस्ट बेचाळीस."

रौशन टेबलावर पुढे झुकली. मग त्यांनी नदीचं पान काढलं आणि उलटलं.